'कातर रे भाजी!' – संमोहन, सूचना आणि आपली लेकरं



आधी एक छोटा प्रयोग करू. डोळ्यांसमोर एक पिवळंधमक लिंबू आणा. ते चिरलं, रस बोटांवर ओघळला, फोड जिभेवर ठेवली... सुटलं ना तोंडाला पाणी? लिंबू तर कुठंच नव्हतं, होते फक्त शब्द. शब्दांनी मनात चित्र उभं केलं आणि शरीरानं त्याला प्रतिसाद दिला. यालाच सूचनेचा परिणाम म्हणतात. संमोहन याच पायावर उभं आहे.

आता हा विषय का घेतला ते सांगते. माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी वर्गात कविता खडाखडा म्हणायची. परिपाठाला सगळ्यांसमोर उभी केली की मात्र तिचे ओठ घट्ट मिटायचे. एकदा मीच वैतागून म्हणाले, "तुला कधीच जमणार नाही बघ!" त्यानंतर दोन महिने ती परिपाठात खरंच बोलली नाही. त्याच सुमारास एका पालकांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. एक माणूस चुटकी वाजवून 'झोप' म्हणतो आणि समोरचा लगेच मान टाकतो. "मॅडम, असं काही करून तिची भीती घालवता येईल का?" याचं उत्तर शोधताना मला भेटले गोव्याचे आबे फारिया.

आबे फारिया कोण होते?

पणजीला सहलीला गेलात तर जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा दिसतो. झगा घातलेला एक माणूस खाली कलंडलेल्या बाईवर दोन्ही हात पसरून उभा आहे. हेच ते फारिया. हा पुतळा शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला असून तो 1945 मध्ये बसवला गेला.

फारियांचा जन्म 1756 साली गोव्यातल्या कांदोळी गावी झाला. लहानपणीच ते वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले आणि पुढे धर्मगुरू झाले. त्यांची एक गोष्ट गोव्यात आवर्जून सांगतात. राणीसमोर प्रवचन द्यायला ते उभे राहिले आणि समोरचे बडे लोक बघून त्यांची वाचाच बसली. तेव्हा वडील खालून कोकणीत हळूच म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" म्हणजे समोर बसलेत ते सगळे भाजीपाला समज आणि चिरत जा! फारियांची भीती पळाली आणि ते धडाधड बोलू लागले. एका वाक्यात असं काय होतं, हा प्रश्न पुढे त्यांच्या मनात राहिला, असं म्हणतात.

त्यांनी काय शोधलं?

त्या काळी युरोपात मेस्मर यांचा सिद्धांत गाजत होता. त्यांच्या मते माणसाच्या शरीरातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि उपचार करणारा तो वळवू शकतो. फारियांनी 1813 पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले. ते समोरच्याला खुर्चीत बसवायचे, डोळे मिटून झोपेवर लक्ष एकाग्र करायला सांगायचे आणि खणखणीत आवाजात एकच आज्ञा द्यायचे, 'झोपा!' आज ज्याला झटपट संमोहन म्हणतात, त्याचं हे जुनं रूप.

त्यांचं म्हणणं असं, की माझ्याकडे कसलीही शक्ती नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. त्याची एकाग्रता, अपेक्षा आणि तयारी नसेल तर काहीच होत नाही. लोकांनी त्यांची टिंगल केली. 1819 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी ते वारले. पुढे फ्रान्समधल्याच लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेचं महत्त्व जगापुढे ठळकपणे मांडलं.

मग व्हिडिओतली चुटकी?

मंचावरचा संमोहनकार आधी प्रेक्षकांकडून छोट्या चाचण्या करून घेतो आणि लवकर प्रतिसाद देणारे निवडतो. अचानक दिलेला झटका, गर्दीचं दडपण आणि 'आता होणारच' ही अपेक्षा यांची त्यात भर पडते. जादू कुठंच नसते.

प्राथमिक शाळेच्या वयातली मुलं सूचनेला मोठ्यांपेक्षा लवकर प्रतिसाद देतात. म्हणूनच मुलांवर संमोहनाचे प्रयोग आपण अजिबात करू नयेत. ते प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांचं काम आहे.

वर्गात काय करता येईल? चांगल्या भावनेची खूणगाठ

पाव्हलॉव्ह यांचा कुत्र्यांचा प्रयोग आपण डी.एड.ला शिकलोच आहोत. अन्नाबरोबर ठरावीक खूण वारंवार जोडली गेली की नुसत्या खुणेनंही लाळ सुटते. तशीच चांगली भावनाही एखाद्या खुणेशी जोडायचा प्रयत्न करता येतो. मूल जागं असतं, डोळे उघडे असतात, सगळं त्याच्या मर्जीनं चालतं.

1. मुलाला निवांत बसवा. पाय जमिनीला टेकलेले असावेत. तीन-चार श्वास सावकाश सोडायला सांगा.
2. स्वतःला छान जमलं असा खरा प्रसंग आठवायला सांगा. कोण होतं, काय दिसलं, कसला आवाज होता, हे विचारा.
3. चेहरा खुलला की अंगठा व तर्जनी एकमेकांना टेकवायला सांगा आणि त्यानंच निवडलेला एक शब्द म्हणू द्या.
4. हे रोज दोन मिनिटं, आठ-पंधरा दिवस करा.
5. मग खूण वापरून आधी एका मैत्रिणीसमोर, नंतर पाच जणांसमोर, शेवटी परिपाठात बोलू द्या. ही पायरी गाळू नका. भीती खरी कमी होते ती अशा सरावानं, खूण फक्त आधाराला.

सूचना देताना 'घाबरू नको' म्हणू नका, त्यात घाबरणंच आठवतं. 'पाय टेकव, श्वास सोड, पहिली ओळ म्हण' असं करायचं काम सांगा. आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबच्या समर्थांनी 205 मनाचे श्लोक लिहिले, ते थेट मनालाच उद्देशून. स्वतःच्या मनाशी बोलायची ही रीत आपल्या लेकरांना नवीन नाही.

भीती महिनोन्‌महिने टिकली, मूल खाणं-झोपणं विसरलं किंवा शाळाच टाळू लागलं, तर तज्ज्ञांकडे न्या. टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आणि आपले शब्द?

खुर्चीत न बसवता, चुटकी न वाजवता आपण रोज मुलांना थेट सूचना देत असतो. 'मठ्ठ', 'ढ', 'गणित तुझ्या डोक्यावरून जातं'. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मुलांना मानसिक त्रास देण्यावरही बंदी आहे. पण कायद्याच्या आधी आपण स्वतःलाच विचारायला हवं. माझं ते 'कधीच जमणार नाही' त्या मुलीनं मुकाट्यानं खरं मानलं होतं.

मी तिची माफी मागितली. खुणेसाठी तिनं 'मोसंबी' हा शब्द निवडला, आजोबांच्या बागेतल्या दिवसासाठी. तीन आठवड्यांनी परिपाठात तिनं सुविचार सांगितला. एकच ओळ, तीही हळू आवाजात. बोटं मात्र घट्ट जुळलेली होती.

उद्या वर्गात जाल तेव्हा अशा एका लेकराला त्याला जमलेली एक खरी गोष्ट सांगून बघा.