पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

प्रशांत महासागरातील एका बेटावर कॅप्टन जेम्स कुक १७७७ साली नाताळच्या आदल्या दिवशी पोहोचला, म्हणून त्याला ख्रिसमस बेट हे नाव मिळाले. त्याच बेटाच्या परिसरात १९५७-५८ साली ब्रिटनने हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या घेतल्या. तरुण सैनिकांना स्फोटाकडे पाठ करून, डोळ्यांवर हात ठेवून बसवले जाई. मिटल्या डोळ्यांनाही आपल्याच बोटांची हाडे दिसली, असे त्यांतील अनेकांनी पुढे सांगितले आहे.

ऑस्ट्रेलिया व प्रशांत महासागरातील ह्या चाचण्यांत वीस हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक सहभागी झाले होते. कालांतराने काहींना कर्करोग व रक्ताचे विकार जडले आणि त्यांनी भरपाई मागितली. अडचण अशी की, किरणोत्सर्गाने झालेला कर्करोग इतर कर्करोगांहून वेगळा ओळखता येत नाही. शिवाय शरीरावर किती किरणे पडली हे मोजणारी फिल्मपट्टी बहुसंख्य सैनिकांना दिलेलीच नव्हती. ज्याने मोजमाप केले नाही, तोच आता मोजमाप मागतो आहे!

सरकारचे म्हणणे असे की, बहुतेकांना घातक मात्रा मिळालीच नाही, आणि सैनिकांच्या एकूण मृत्युदरातही इतरांच्या तुलनेत फारसा फरक आढळलेला नाही. हे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. परंतु सरासरीने एकट्या रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

एक हजारांहून अधिक जणांचा दावा अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथे २०१२ साली चार विरुद्ध तीन अशा मताने तो मुदतबाह्य ठरला. आजाराचे कारण कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा, असा तेथील नियम आहे. कारण पूर्वीच ठाऊक होते म्हणावे तर मुदत संपलेली. नव्हते म्हणावे तर पुरावा कोठला? काहींना लष्करी निवृत्तिवेतनाच्या मार्गाने थोडाफार दिलासा मिळाला, इतकेच.

अमेरिकेने १९८८ सालच्या कायद्याने निराळी वाट धरली. चाचणीस्थळी हजर असलेल्या सैनिकाला यादीतील कर्करोग झाल्यास तो किरणोत्सर्गामुळेच झाला असे गृहीत धरले जाते. कारण सिद्ध करण्याचा भार रुग्णावर राहत नाही. ब्रिटनच्या चाचण्यांत राबलेल्या आपल्या सैनिकांना फिजीच्या सरकारने २०१५ साली स्वतःच्या तिजोरीतून प्रत्येकी ९,८५५ फिजी डॉलर दिले.

ब्रिटनने २०२२ साली सैनिकांसाठी पदक जाहीर केले. चाचण्यांच्या काळात घेतलेल्या रक्त व लघवीच्या तपासण्यांचे अहवाल हाती द्यावेत, ही त्यांची व त्यांच्या वारसांची मागणी पदकाने मिटलेली नाही.