इंग्रजी ऐकण्याचा अभ्यास

शालान्त परीक्षेंत इंग्रजींत उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थी कॉलेजांत जातो आणि पहिल्याच व्याख्यानांत गोंधळतो. प्राध्यापक फार जलद बोलतात, अशी त्याची तक्रार असते. घरच्या माणसांस वाटतें, मुलाचें लक्षच नाहीं. वास्तविक दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. तो इंग्रजी डोळ्यांनीं शिकलेला असतो. त्याच्या कानांस ती भाषा कोणीं शिकविलीच नाहीं.

मराठींत आपण बहुतेक प्रत्येक अक्षर स्पष्ट उच्चारतों. इंग्रजीची चाल निराळी आहे. तींत शब्दाच्या एका भागावर आघात पडतो व बाकीचे भाग दबून जातात. 'फोटोग्राफ' या शब्दांत आघात आरंभीं आहे. 'फोटोग्राफर' म्हटलें कीं तो दुसऱ्या भागावर सरकतो आणि स्वरहि बदलतात. लहान शब्द तर वाक्याच्या ओघांत इतके आखूड होतात कीं, 'ब्रेड अँड बटर' हें 'ब्रेडन्बटर' असें ऐकूं येतें. तीन शब्दांची वाट पाहणाऱ्या मुलास एकच अनोळखी शब्द भेटतो!

श्रुतलेखनाची रीत जुनीच आहे. पण तींत शिक्षक एकेक शब्द तोडून सांगतो, म्हणजे जी अडचण शिकवावयाची तीच काढून टाकतो. त्याऐवजीं चार-पांच वाक्यांचा उतारा स्वाभाविक गतीनें दोनदां वाचावा. प्रथम मुलांनीं नुसतें ऐकावें. दुसऱ्या वेळीं ठळक शब्द तेवढे टिपावे. मग चौघांनीं मिळून उतारा पुन्हां उभा करावा व मुळाशीं ताडून पाहावा. गळलेले शब्द बहुधा 'द', 'टु', 'हॅज' हेच निघतात. कान कोठें कमी पडतो हें मुलांस तेथेंच दिसतें.

श्रवणाचीं साधनें पूर्वींहि होतीं. बी. बी. सी. नें १९४३ सालीं रेडिओवरून इंग्रजीचे पाठ सुरू केले. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'नें १९५९ सालीं सुमारे १५०० शब्दांत, आखूड वाक्यांत व मंद गतीनें बातम्या देण्यास आरंभ केला. मंद गति हा पांगुळगाडा आहे. तो फार दिवस ठेवूं नये. त्या काळीं निसटलेलें वाक्य गेलें तें गेलेंच. आज मोबाइलवर तेंच दहा वेळां ऐकतां येतें.

पालकांस इंग्रजी येत नसलें तरी अडत नाहीं. दोन-तीन मिनिटांचाच भाग निवडावा, तो तीनदां ऐकावा आणि छापील मजकूर तोंवर मिटून ठेवावा. तो मिटलेला आहे कीं नाहीं, एवढें आईनें पाहिलें तरी पुरें.