पेटी भरलेली, पण रक्त थांबेल का?

गाडीतली प्रथमोपचार पेटी उघडली की चिकटपट्ट्या, कापूस, मलम निघते. खरचटण्याला एवढे पुष्कळ. पण मांडीतली मोठी धमनी फाटली तर माणूस काही मिनिटांत दगावतो, आणि १०८ची रुग्णवाहिका तेवढ्यात पोहोचेलच असे नाही. म्हणून पेटी भरताना, मदत येईपर्यंत जीव कशाने जाऊ शकतो आणि त्यातले आपल्या हाताने काय थांबेल, हे आधी ठरवावे. डोक्यातल्या वा पोटातल्या इजेवर पेटीत इलाज नाही. हातापायांतून वाहणाऱ्या रक्तावर आहे. त्यासाठी पहिली वस्तू हवी टूर्निकेट, म्हणजे जखमेच्या वर आवळून रक्त थांबवणारा पट्टा.

ही कल्पना जुनीच. १६७४मध्ये बेझान्सोंच्या वेढ्यात एतियेन मोरेल या फ्रेंच लष्करी शल्यविशारदाने जखमेच्या वर पट्टा बांधून त्यात काठी पिळली. लाकडाची मोळी आवळतात, अगदी तशी. पण पीळ सुटू नये म्हणून काठी कोणीतरी धरून बसावे लागे. १७१८मध्ये ज्याँ-लुई पेतीने काठीऐवजी स्क्रू बसवला. तो फिरवला तिथेच थांबे आणि दाब हवा तसा कमीजास्त करता येई. आजच्या पट्ट्यात मोरेलची काठीच परतली आहे, फक्त ती अडकवायला खाच आहे. पेतीचे नाव मात्र पेटीवर कुठेच नसते!

आवळून बांधले की पाय कापावा लागतो, हा जुना आक्षेप. अमेरिकी लष्करी शल्यविशारद जॉन क्राग यांनी बगदादच्या रुग्णालयातील टूर्निकेट लावलेल्या २३२ जखमींची पाहणी २००९मध्ये प्रसिद्ध केली. टूर्निकेटमुळे एकाचाही अवयव गेला नव्हता. रक्तस्रावाने शरीर शॉकमध्ये जाण्याआधी पट्टा लागलेल्यांतले ९० टक्के वाचले, नंतर लागलेल्यांतले १०. तिथे शल्यगृह जवळ होते, आपल्या घाटात नसते, हे खरे. पण मग पट्टा नाकारण्याऐवजी बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. साधारण दोन तासांपर्यंत धोका कमी असतो. सर्पदंशात आवळून बांधू नये हा डॉक्टरांचा सल्ला योग्यच आहे, पण ते दुखणे वेगळे. सुतळीनेही भागत नाही: अरुंद, सैल दोरीने शिरा बंद होतात, धमनी वाहतच राहते आणि रक्तस्राव उलट वाढतो.

जांघेत, काखेत पट्टा बसत नाही. तिथे जखमेत गॉज ठासून दोन्ही हातांनी दाबून धरावे लागते. केओलिन, म्हणजे चिनी माती लावलेले गॉज रक्त गोठवणाऱ्या बाराव्या घटकाला चालना देते. त्याची जाहिरात मात्र जादूसारखी होते. दाब नसेल तर महागडे गॉजही वाहून जाते. दाब असेल तर साधेही पुष्कळ काम करते. याखेरीज दाबपट्टी, हातमोजे, कपडे कापायची कात्री आणि मार्कर पुरे. हे सारे डिकीत स्टेपनीखाली न ठेवता डाव्या-उजव्या कोणत्याही हाताला सापडेल असे ठेवावे. स्वस्त नकली पट्ट्यांची काठी ऐन पिळात मोडू शकते, म्हणून खात्रीचा घ्यावा. आणि पैसे असतील तर दोन घ्यावेत: एक सरावाला, दुसरा न वापरलेला. सरावाने पट्टा झिजतो. सरावाशिवाय तो बांधताच येत नाही.