गोल्फमधील 'फ्लॉप शॉट' : चेंडू उंच जातो, जवळच थांबतो

ओहायो राज्यातील म्युअरफिल्ड व्हिलेज मैदानावर ३ जून २०१२ रोजी 'मेमोरियल' स्पर्धेची अखेरची फेरी सुरू होती. सोळाव्या होलवर टायगर वुड्सचा पहिला फटका ग्रीन ओलांडून मागच्या दाट गवतात गेला. तेथून होल सुमारे ५० फुटांवर होते आणि ग्रीनच्या पलीकडे पाणी. आघाडीपासून वुड्स एका फटक्याने मागे होता. चेंडू जास्त जोराने गेला तर पाण्याची भीती आणि हलका लागला तर तो गवतातच राहणार, असा पेच होता. वुड्सने क्लब लांबवर मागे नेऊन जोरकस फटका मारला. चेंडू वर चढला, ग्रीनवर अलगद उतरला आणि घरंगळत होलमध्ये पडला. वुड्सने ती स्पर्धा दोन फटक्यांनी जिंकली आणि पीजीए टूरवरील ७३व्या विजेतेपदासह जॅक निक्लॉसची बरोबरी साधली. विशेष म्हणजे मैदान निक्लॉसनेच आखलेले आणि स्पर्धेचा यजमानही तोच.

अशा फटक्याला 'फ्लॉप शॉट' म्हणतात. नावावरून तो फसलेला फटका वाटावा; प्रत्यक्षात गोल्फमधील अत्यंत अवघड फटक्यांपैकी तो एक आहे. चेंडू आणि होल यांच्यामध्ये वाळूचा खड्डा किंवा उंचवटा असतो, होलच्या अलीकडे ग्रीनचा जेमतेम पट्टा शिल्लक असतो, तेव्हा तो खेळला जातो. कमी उंचीचा फटका अशा जागी होलच्या बराच पुढे धावत जातो.

या फटक्यासाठी 'लॉब वेज' हा क्लब वापरतात. त्याचे पाते उभ्या रेषेपासून साधारण ६० अंश मागे कललेले असते; लांब फटक्यांच्या ड्रायव्हरमध्ये हा कल १० अंशांच्या आसपास असतो. फ्लॉप शॉट खेळताना खेळाडू हे पाते आणखी उघडतो, म्हणजे जवळजवळ आकाशाकडे वळवतो, आणि त्यानंतरच मूठ पक्की करतो. आधी मूठ धरून मग मनगटाने पाते वळवले, तर फटक्याच्या क्षणी ते पुन्हा मूळ स्थितीत येते. पाते उघडले की त्याचा रोख उजवीकडे जातो. म्हणून उजव्या हाताने खेळणारा खेळाडू लक्ष्याच्या किंचित डावीकडे तोंड करून उभा राहतो. चेंडू पुढच्या पायाकडे, पाय फाकलेले, गुडघे वाकलेले आणि हात नेहमीपेक्षा खाली, अशी ही ठेवण असते.

खरी मेख यापुढे आहे. अंतर दहा-पंधरा मीटरचे असले, तरी क्लब मात्र त्याहून कितीतरी लांबच्या फटक्याला शोभेल इतक्या वेगाने फिरवावा लागतो. पाते चेंडूखालून सरकत जात असल्याने त्या वेगाचा मोठा भाग चेंडूला पुढे ढकलण्याऐवजी वर उचलण्यात खर्च होतो. चेंडू उंचावरून उभा खाली येतो आणि म्हणूनच फारसा पुढे जात नाही. हौशी खेळाडू येथेच बिचकतो. अंतर थोडे म्हणून तो ऐन क्षणी हात आखडता घेतो, पात्याची धार चेंडूच्या मध्यावर आदळते आणि चेंडू ग्रीनपार सुसाट जातो.

पाते जमिनीत न रुतता सरकते ते क्लबच्या तळामुळे. तळाची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा खाली असते. या उताराला 'बाउन्स' म्हणतात. जीन सॅराझेनने वेजच्या तळावर शिसे चढवून हा आकार घडवला आणि १९३२ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकताना तो वापरला. हेतू वाळूतून चेंडू काढण्याचा होता, परंतु आजच्या लॉब वेजचा तळही त्याच तत्त्वावर चालतो. पाते उघडले की बाउन्स आणखी वाढतो.

मऊ जमिनीवर, गवतावर चेंडू थोडा उचललेला असेल, तर हा गुण वरदान ठरतो. कडक, उघड्या जमिनीवर मात्र तोच तळ आपटून उसळतो आणि धार चेंडूवर जाते. उष्ण हवामानातील अनेक मैदानांवर बर्म्युडा गवत असते. ही आपल्याकडची हरळीच. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा. तिची चिवट पाती ज्या दिशेने कललेली असतात, तिच्या उलट फटका मारावा लागला, तर ती क्लबला धरून ठेवतात. त्यामुळे जाणकार खेळाडू होलकडे पाहण्याआधी चेंडूखालची जमीन निरखतो.

२०१० पासून अव्वल स्पर्धांत वेजच्या पात्यावरील खाचांच्या आकारावर आणि कडांच्या धारदारपणावर निर्बंध आले. उंच गवतातून चेंडूला मिळणारी उलटी फिरकी त्यामुळे घटली. फिरकीच्या बळावर चेंडू थांबवणे अवघड झाल्याने तो उंचावरून उतरवण्याचे मोल वाढले.

या फटक्याशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव फिल मिकेलसनचे. २००४, २००६ आणि २०१० मध्ये मास्टर्स जिंकणारा हा खेळाडू इतर व्यवहारांत उजखोरा, पण गोल्फ डावखुरा खेळतो. काही पावलांवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून चेंडू उडवण्याची त्याची प्रात्यक्षिके प्रसिद्ध आहेत. मात्र मध्ये अडथळा नसेल आणि ग्रीन मोकळे असेल, तर प्रशिक्षक चेंडू जमिनीलगत घरंगळवण्याचाच सल्ला देतात. तो फटका थोडा चुकला तरी चेंडू ग्रीनवरच राहण्याची शक्यता अधिक असते.