उमेदवारीतून घडतो तो व्यायामशिक्षक

‘रोज थोडा व्यायाम करा’ हे वाक्य आम्ही डॉक्टर मंडळी दिवसातून अनेकदा उच्चारतो. समोरचे आजोबा मान डोलावतात आणि मग विचारतात, ‘‘पण डॉक्टर, कोणता करू? आणि करवून घेणार कोण?’’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राकडे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत आपल्यालाच घडवावे लागणार आहे. मुले पुण्याला, सुरतेला किंवा परदेशी; घरी सत्तरी ओलांडलेले आईवडील. अशा घरांत व्यायाम घेण्यासाठी प्रशिक्षक, म्हणजेच ‘पर्सनल ट्रेनर’, ठेवावा का, असा विचार आता होऊ लागला आहे. विचार योग्यच आहे; परंतु त्या तरुणाने ही विद्या कोठे आणि कोणाच्या हाताखाली मिळवली, हे विचारल्याशिवाय वृद्ध देह त्याच्या स्वाधीन करू नये.

तालीम आणि उमेदवारी

आपल्या भाषेत व्यायामाच्या जागेलाही तालीम म्हणतात आणि शिक्षणालाही. वस्तादाच्या नजरेखाली काही वर्षे माती अंगाला लावल्याशिवाय तेथे कोणी दुसऱ्याला शिकवू धजत नसे. सुतार, शिंपी, वकील या साऱ्यांच्या व्यवसायात याच काळाला ‘उमेदवारी’ असे सुंदर नाव आहे. आम्हा डॉक्टरांनाही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करावी लागते. गुरूच्या सान्निध्यात राहून शिकणारा तो अंतेवासी. त्याच कल्पनेतून हा शब्द आला. पुस्तकातला आजार आणि खाटेवरचा रुग्ण यांतील अंतर त्या वर्षात कळते.

व्यायामाच्या क्षेत्रात या परंपरेचे एक मोठे उदाहरण खानदेशाशी जोडलेले आहे. जगन्नाथ गणेश गुणे हे तरुण विद्यार्थी १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रा. माणिकरावांच्या हाताखाली भारतीय व्यायामपद्धती शिकले. माणिकरावही जुम्मादादांच्या तालमीत तयार झालेले. पुढे हेच गुणे अमळनेरला आले आणि खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांनी माधवदासजी महाराजांकडे योगाचेही शिक्षण घेतले आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. आसन-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम वैद्यकीय उपकरणांनी मोजून पाहणारे स्वामी कुवलयानंद ते हेच. आधी गुरूजवळ वर्षानुवर्षे शिकणे, मग मोजून-तपासून पाहणे आणि त्यानंतर शिकवणे, हा त्यांच्या कार्याचा क्रम आजच्या प्रशिक्षकालाही लागू आहे.

प्रमाणपत्र पुरेसे का नाही?

डॉक्टर किंवा परिचारिका यांची कायद्याने नोंदणी होते, तशी आपल्या देशात व्यायाम-प्रशिक्षकाची होत नाही. चांगले अभ्यासक्रम आहेत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या १९१४ पासून चालत आलेल्या संस्था आहेत. तथापि थोडक्या दिवसांच्या वर्गातून प्रमाणपत्र घेऊन थेट घरोघर जाणाऱ्यास अडवणारे कोणी नाही. पंचविशीतल्या निरोगी मुलाकडून व्यायाम करवून घेण्यात ही उणीव झाकून जाते. वृद्धांच्या बाबतीत ती झाकत नाही.

एक प्रसंग कल्पून पाहू. धुळ्यातील बहात्तर वर्षांच्या आजी मधुमेहाची गोळी घेतात. आज चतुर्थी, म्हणून सकाळपासून पोटात केवळ चहा. गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतलेली. व्यायाम सुरू होताच त्यांना घाम फुटतो, हात थरथरतात आणि त्या ‘चक्कर येस’ असे अहिराणीत पुटपुटतात. नवख्या मुलाला वाटते, व्यायामाचाच घाम. ‘आजी, आणखी पाच वेळा’ असे तो उत्साहाने म्हणतो. प्रत्यक्षात रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरत असते. अनुभवी प्रशिक्षकाने दारातच विचारले असते, ‘‘आज उपवास आहे का? गोळी घेतली का?’’ हे दोन प्रश्न उमेदवारीच्या काळात शेकडो वेळा ऐकल्यावरच जिभेवर बसतात. अशा वेळी व्यायाम थांबवून, रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

उमेदवाराने काय शिकावे?

माझ्या मते वृद्धांसाठी काम करू इच्छिणाऱ्याने अभ्यासक्रमाखेरीज निदान सहा महिने अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली काढावेत. पहिले काही आठवडे केवळ पाहावे: माणूस खुर्चीतून कसा उठतो, वळताना भिंतीचा आधार घेतो का, चप्पल घासत चालतो का. त्यानंतर शेजारी उभे राहून आधार द्यावा, नोंदी ठेवाव्यात. मग ज्येष्ठ प्रशिक्षकाच्या देखत स्वतः व्यायाम घ्यावा आणि सर्वांत शेवटी एकट्याने. यांतील काही आठवडे फिजिओथेरपिस्टकडे गेले तर फारच उत्तम.

या काळात पुढील गोष्टी अंगवळणी पडल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट मोजमापाची. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाणे, वळणे आणि परत येऊन बसणे यास बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजतात. ही चाचणी घेताना प्रशिक्षकाने शेजारीच उभे राहावे.

दुसरी औषधांची. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी मंदच राहते. मनगटावरच्या घड्याळाचा आकडा पाहून श्रमाचा अंदाज बांधता येत नाही. त्याऐवजी बोलते ठेवावे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत श्रम मध्यम समजावेत. एका वाक्यातच धाप लागली तर विश्रांती द्यावी. रक्तदाबाच्या औषधांमुळे झटकन उठताना घेरीही येते. म्हणून आडवे असताना केलेल्या व्यायामानंतर आधी बसवावे, मग उभे करावे.

तिसरी हाडांची व डोळ्यांची. हाडे ठिसूळ झालेल्या आजींना पाठ वाकवून पायाचे अंगठे धरायला लावणे म्हणजे मणक्याला धोका. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेल्यांनी श्वास रोखून जड वजन उचलू नये.

चौथी हवेची. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धाच्या शरीरातील पाणी व क्षार तेव्हा लवकर घटतात. व्यायाम सूर्योदयाच्या सुमारास आटोपावा. पाणी किती प्यावे हे हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पाचवी आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची, आपली मर्यादा ओळखण्याची. औषध कमी-जास्त करणे, प्रथिनांच्या भुकटीचे डबे विकणे, सांधे ‘बसवणे’ ही प्रशिक्षकाची कामे नव्हेत. मूत्रपिंड अशक्त असेल तर भुकटी अपायकारक ठरू शकते. प्रकृतीला मानवेल तसे दूध, डाळी, उसळी आणि आपली कळण्याची भाकरी आहारात असावी. पक्षाघात, खुब्याचे हाड मोडणे किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया यांनंतर पहिला अधिकार फिजिओथेरपिस्टचा. छातीत दडपण, एका बाजूची शक्ती जाणे, बोबडी वळणे यांपैकी काही दिसले तर क्षणही न दवडता १०८.

एवढा खटाटोप कशासाठी?

म्हातारपणी व्यायामाचा काय उपयोग, असे अनेकांना वाटते. अमेरिकेतील बोस्टन येथे नव्वदीतील दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे देखरेखीखाली पायांसाठी वजनाचा व्यायाम देण्यात आला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. व्यायाम थांबताच काही आठवड्यांत ती घसरूही लागली. म्हणजे नव्वदीतले स्नायूही ऐकतात. परंतु त्यांना नियमाने सांगत राहावे लागते, आणि ‘देखरेखीखाली’ हा शब्द विसरून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पासष्टीनंतर आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रम, दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकद यांवर भर देणारे व्यायाम असावेत. मेहरूण तलावाकाठी किंवा पांझरेच्या काठाने फेरफटका मारणे उत्तमच आहे; परंतु केवळ चालण्याने तोल व ताकदीचा भाग पूर्ण होत नाही. तेथे शिकवणाऱ्याची गरज लागते. खुब्याच्या एका अस्थिभंगाने घरातल्या माणसाचे स्वावलंबन कसे हिरावले जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शिक्षणाचे मोल वेगळे सांगायला नको.

कुटुंबाने काय विचारावे?

प्रशिक्षक नेमण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. कोणाच्या हाताखाली, किती महिने काम केले? त्या व्यक्तीशी आम्ही बोलू शकतो का? साठीपुढील किती जणांचा व्यायाम घेतला? प्राणरक्षणाचे, म्हणजे छातीवर दाब देण्याचे, प्रशिक्षण घेतले आहे का? तो स्वतःही आजारांची, औषधांची, पूर्वी पडल्याची चौकशी करतो का, याकडे लक्ष द्यावे. जो काहीच न विचारता पहिल्याच दिवशी वजने काढतो, त्याला नम्रपणे निरोप द्यावा. व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून निषिद्ध हालचालींची चिठ्ठी लिहून घ्यावी आणि ती प्रशिक्षकाच्या हाती द्यावी.

व्यायामशाळा चालवणाऱ्यांनाही एक विनंती. उमेदवाराकडून केवळ उपकरणे पुसून घेणे आणि पावत्या फाडून घेणे ही उमेदवारी नव्हे. त्याला शिकवावे आणि शिकण्याच्या काळात निर्वाहापुरते विद्यावेतनही द्यावे. मुलींना या व्यवसायात आवर्जून आणावे. परपुरुषाने हात धरून उठबस करवावी, हे अनेक आजींना संकोचाचे वाटते आणि त्या संकोचापायी व्यायामच राहून जातो.

अखेरची विनंती ज्येष्ठांनाच. प्रशिक्षकासोबत एखादा शिकाऊ मुलगा किंवा मुलगी आली, तर ‘आमच्यावर प्रयोग नको’ म्हणून लगेच परत पाठवू नका. तो शिकाऊ आहे हे आधी सांगितलेले असावे, ज्येष्ठ प्रशिक्षक शेजारी असावा आणि तुमची संमती असावी. या तीन अटी पाळल्या जात असतील तर त्याला शिकू द्या. कोणता गुडघा कुरकुरतो, कोणत्या पायरीवर भीती वाटते, कोणत्या गोळीनंतर गरगरते, हे त्याला तुमच्याइतके स्पष्ट कोणतेही पुस्तक सांगणार नाही. आज तुमच्याकडून तो जे शिकेल, ते उद्या गल्लीतल्या दुसऱ्या एखाद्या आजोबांना पडण्यापासून वाचवील.