क्लिनिकल सायकॉलॉजीची पदवी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी झाले की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येते, हा या क्षेत्रातला सर्वांत रुजलेला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. भारतात हा व्यवसाय १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली येतो. या परिषदेने, म्हणजे बोलीतल्या आरसीआयने, मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करून केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव लागावे लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली व्याख्याही त्याच धर्तीची आहे. एकतर आरसीआय-मान्य संस्थेची क्लिनिकल सायकॉलॉजीतली पात्रता हवी, नाहीतर मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर दोन वर्षांचे पूर्णवेळ, देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह केलेले एम.फिल. हवे.

विद्यापीठे मात्र वर्षानुवर्षे मानसशास्त्राच्या एम.ए.मध्ये ‘क्लिनिकल’ हे स्पेशलायझेशन देत आली आहेत. ती पदवी खोटी नाही. तिच्या जोरावर नेट देता येते, पीएच.डी.ला प्रवेश घेता येतो, शाळेत किंवा स्वयंसेवी संस्थेत समुपदेशनाचे काम मिळते. नोंदणी तेवढी मिळत नाही. त्यात आता आरसीआयनेही स्वतःचा दोन वर्षांचा एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणला आहे. म्हणजे नाव एक आणि पदव्या दोन, असा प्रकार झाला. माहितीपत्रकातल्या नावावरून फरक ओळखू येत नाही. मान्यता संस्थेच्या त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि ठरावीक शैक्षणिक वर्षांपुरती मिळते, त्यामुळे मागच्या तुकडीला नोंदणी मिळाली एवढ्यावर विसंबून चालत नाही. आपल्या वर्षासाठी मान्यता आहे का, हे आरसीआयच्या यादीत फी भरण्याआधीच पाहायचे असते.

नीटचा या वाटेशी संबंध नाही. नीट, एमबीबीएस आणि मग एम.डी. ही सायकियाट्रिस्टची वाट. औषधे लिहून देण्याचा अधिकार त्यांचा. मानसशास्त्रात बी.ए. करायला बारावीची कोणतीही शाखा चालते, आणि कला शाखेतून आलेला विद्यार्थी या क्षेत्रात उपरा ठरत नाही.

‘एम.ए.ला फर्स्ट क्लास आहे, प्रवेश मिळेलच’ हा हिशेबही चुकतो. एम.फिल.साठी आरसीआयची अट मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुणांची होती. राखीव प्रवर्गांना ५० टक्क्यांची. ती अर्ज करण्यापुरती. पुढे संस्थेची लेखी परीक्षा आणि मुलाखत. जागा मोजक्याच असतात, कारण किती विद्यार्थी घ्यायचे हे वर्गातल्या बाकांवरून नव्हे, तर पात्र मार्गदर्शक किती आहेत यावरून ठरते. हे प्रशिक्षण देशात पहिल्यांदा १९५५ मध्ये बंगळुरूला सुरू झाले, आजच्या निम्हान्सच्या जागी; मग रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेत.

एम.फिल. बंद झाले म्हणजे वाटच बंद झाली, असेही ऐकू येते. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवी काढून टाकली हे खरे. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना मात्र यूजीसीने २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत दिली. दरम्यान आरसीआयने चार वर्षांची ऑनर्स पदवी, त्यापुढे एम.ए. आणि साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) अशी नवी रचना आणली. नियम बदलत्या काळातले आहेत. दोन वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्या ताईचा सल्ला आज जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. घरबसल्या पदवीचे दार तर यूजीसीनेच लावले आहे: जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नयेत, असा तिचा आदेश आहे.

प्रवेश मिळाला की दोन वर्षे आपोआप सरतात, असे मानणाऱ्यांना पहिल्याच महिन्यात कळून चुकते. एम.फिल.च्या नियमांत परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि लेखी, प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा, केसेसचे अहवाल आणि प्रबंध या प्रत्येकात स्वतंत्रपणे ५० टक्के मिळवावे लागतात. एकातले जास्तीचे गुण दुसऱ्यात धरले जात नाहीत. दिवस जातो तो ओपीडीत. शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला घेऊन आई-वडील येतात. गरोदरपणापासूनची हकीकत विचारायची, मुलाची मानसिक स्थिती तपासायची, मग चाचणी. मराठी मुलासाठी बरेचदा बिने-कामत काढली जाते, व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिनेच्या चाचणीचे मराठी आणि कन्नड रूपांतर केले, तीच ही. मूल दमले तर थांबायचे, घाबरले तर आधी खेळवायचे. बुद्ध्यंकाचा आकडा काढणे हा यातला सोपा भाग. तो आकडा त्या मुलाबद्दल काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे अहवालात लिहिणे अवघड, आणि मार्गदर्शक तो अहवाल लाल शाईने भरून परत देतात तेव्हा खरे शिकणे सुरू होते. दुसऱ्या वर्षी भर उपचारांवर असतो, आणि प्रबंधही तेव्हाच पुरा करायचा असतो. नोकरी सांभाळून हे जमत नाही. नियमही त्याला वाव देत नाहीत.

एम.फिल. नसल्याची कसर पीएच.डी.ने भरून निघते, हा सुशिक्षितांतला गैरसमज. मानसशास्त्रातल्या पीएच.डी.ने नावामागे ‘डॉ.’ लागते, रुग्णसेवेतले प्रशिक्षण आणि नोंदणी मिळत नाही.

नोंदणीही एकदा झाली की जन्मभराची, असे नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असते आणि त्यासाठी सतत शिक्षण कार्यक्रमांचे गुण जमवावे लागतात. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटते, कैदेची तरतूद तशी नाही. उपचार घेणाऱ्यालाही समोरच्या व्यक्तीचा आरसीआय नोंदणी क्रमांक विचारता येतो, आणि तो विचारावा.