जंतूची जबानी

नाहूर स्टेशनच्या आसपास जुन्या कारखान्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि थोडं भांडुपकडे सरकलं की टेकडीवर चढत गेलेल्या चाळी लागतात. डीएनए तपासणी म्हटलं की आपल्याला टॉवरमधलं जग आठवतं: खासगी लॅब, हजारोंचं बिल, पुढे कॅन्सर होईल का याचा अंदाज. प्रत्यक्षात ही तपासणी रोजच्या वैद्यकात रुळली आहे ती चाळीतल्या खोकल्यासाठीही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेला माणूस पालिकेच्या केंद्रात डबीतून बेडका देतो, तेव्हा त्यातल्या क्षयाच्या जंतूचा डीएनए तपासला जातो, आणि तोही मोफत.

ही तपासणी म्हणजे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट. पैकी ट्रूनॅट गोव्याच्या मोलबायो कंपनीचं. बॅटरीवर चालणारं हे छोटं यंत्र लहान केंद्रातही ठेवता येतं आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याला मान्यता दिली. या तपासण्या जंतूच्या जनुकसंचातले नेमके तुकडे शोधतात. क्षयाच्या जंतूचा जनुकसंच साधारण 44 लाख अक्षरांचा. तो 1998 मध्ये पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला. त्यातल्या आरपीओबी या जनुकातली अवघी 81 अक्षरं पाहिली, तरी रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद न देणारे जवळपास 95 टक्के जंतू ओळखू येतात. पूर्वी यासाठी जंतू वाढवून बघावा लागे आणि त्यात आठवडेच्या आठवडे जात. आता काही तासांत कळतं.

पण 81 अक्षरांवर सगळं भागत नाही. मुंबईला हे फार लवकर कळलं. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 2012 च्या सुमारास असे रुग्ण जगापुढे मांडले, ज्यांच्या जंतूवर तेव्हा तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. त्यावरून मोठा वादही झाला. मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली: एका औषधाचं उत्तर मिळालं म्हणजे उपचार ठरला असं होत नाही. बाकीच्या सगळ्या औषधांचं काय, हे एकाच तपासणीत कळायला जंतू पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचावा लागतो. असं अक्षर अक्षर वाचण्यालाच सिक्वेन्सिंग म्हणतात. इंग्लंडने 2017 मध्ये ते क्षयाच्या नेहमीच्या तपासणीत आणलं.

सिक्वेन्सिंगचं सगळ्यात मोठं देणं मात्र औषधाच्या निवडीपलीकडचं आहे, असं मला वाटतं. एमडीआर, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणारा, टीबी झालेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो, 'गोळ्या मध्येच सोडल्या होत्यास ना?' घरचे विचारतात, शेजारी विचारतात, कधी दवाखान्यातही हाच प्रश्न येतो. ज्याने आयुष्यात क्षयाची एक गोळी घेतलेली नाही, त्यालाही तो चुकत नाही. हा आरोप कितपत खरा, हे जंतूच सांगू शकतो. वरळीची फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च आणि जर्मनीतली बोर्स्टेलची संशोधन संस्था यांनी मुंबई महानगर परिसरातल्या रुग्णांचे जंतू वाचून 2022 मध्ये निष्कर्ष मांडले. क्षयाचा जंतू फार सावकाश बदलतो, वर्षाला सरासरी एक अक्षरही नाही. त्यामुळे दोन रुग्णांचे जंतू चार-पाच अक्षरांनीच वेगळे असले, तर संसर्गाची साखळी अलीकडचीच समजायची. प्रत्येक रुग्णाने औषधं चुकवून आपापला हट्टी जंतू तयार केला असता, तर जंतूंच्या वंशावळीत हे बदल विखुरलेले दिसले असते. मुंबईत दिसलं ते वेगळं. आधीच औषधांना पुरून उरणाऱ्या काही मोजक्या शाखा माणसामाणसांतून पसरत होत्या आणि फ्लुरोक्विनोलोन या दुसऱ्या महत्त्वाच्या औषधगटालाही त्यांच्यातले बरेच जंतू दाद देत नव्हते. म्हणजे पुष्कळांना हा जंतू आयताच मिळाला: कोंदट खोलीतून, लोकलच्या डब्यातून, खिडकी नसलेल्या कारखान्यातून. त्यांच्यावर ठेवलेला ठपका जंतूच्या जबानीवरच खोटा ठरतो.

उपचारासाठीही हे ज्ञान आता तातडीचं झालंय. केंद्र सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये एमडीआरसाठी चार औषधांचा नवा कोर्स मंजूर केला: बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. पूर्वीचे दीड-दीड वर्षांचे हाल सहा महिन्यांवर आले. पण यातलं मॉक्सिफ्लॉक्सासिन फ्लुरोक्विनोलोन गटातलंच. जंतू त्याला दाद देणार नसेल, तर ते सुरुवातीलाच कळायला हवं. आणि कोर्सचा कणा असलेल्या बेडाक्विलिनला होणारा विरोध सीबीनॅटच्या तपासणीत दिसतच नाही. त्यासाठी जंतू वाढवून तरी बघावा लागतो, नाहीतर वाचावा लागतो. तिथेही एक अडचण आहे. बेडाक्विलिनशी संबंधित जनुकात बदल दिसला म्हणजे औषध चालणारच नाही असं नसतं. तो निर्णय अनुभवी डॉक्टरनेच घ्यायचा. आणखी एक: मेलेल्या जंतूंचाही डीएनए काही काळ बेडक्यात राहतो. त्यामुळे उपचार सुरू असताना पुन्हा सीबीनॅट करून 'अजून पॉझिटिव्हच आहे' म्हणून घाबरू नये.

कस्तुरबा रुग्णालयात पालिकेने ऑगस्ट 2021 मध्ये कोविडसाठी सिक्वेन्सिंगची प्रयोगशाळा उघडली. कोविड ओसरला, क्षय ओसरलेला नाही. पालिकेच्या रुग्णालयात देणगीतून उभ्या राहिलेल्या त्या यंत्रांवर आणि तिथल्या कौशल्यावर पहिला हक्क एमडीआरच्या रुग्णाचा असायला हवा. बेडक्यावरच थेट करता येणाऱ्या, निवडक जनुकांपुरत्या सिक्वेन्सिंगची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये केलीच आहे, त्यामुळे दरवेळी जंतू वाढवत बसण्याचीही गरज नाही.

रुग्णाने एवढं करावं. औषध सुरू होण्याआधी बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट झाली का, हे विचारावं आणि रिफॅम्पिसिनसमोर काय लिहिलंय ते बघावं. 'रेझिस्टन्स' लिहिलं असेल, तर बाकीच्या औषधांची तपासणी कुठे पाठवली आणि अहवाल कधी येणार, हेही विचारावं. अहवालाची प्रत घरात ठेवावी, कारण तिच्यावर एकट्या रुग्णाचंच भवितव्य अवलंबून नसतं. एमडीआर रुग्णाच्या घरातल्या लेकरांना आजार होऊ नये म्हणून सहा महिने लेव्होफ्लॉक्सासिन द्यावं, अशी आता शिफारस आहे. तेही फ्लुरोक्विनोलोनच. बापाचा जंतू त्या गटाला जुमानत नसेल, तर पोराला दुसरा मार्ग शोधावा लागेल.